आजोबांची मेडलं उजळवण्याआधी

दिवाळीच्या तोंडावर घरातली धातूची प्रत्येक वस्तू घासायला निघते. समया, निरांजनं, तांब्याचा हंडा, चांदीचा करंडा. आणि ज्या घरातलं कुणी फौजेत होतं, तिथे ट्रंकेतल्या डबीतली मेडलंही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात गेली, त्यामुळे पहिल्या महायुद्धापासूनची पदकं आजही घराघरांत सापडतात. काळवंडलेलं मेडल पाहून नातवाला वाईट वाटतं, सून चिंच-मीठ काढते, कुणी टूथपेस्ट सुचवतं, कुणी ब्रासो आणतं. अर्ध्या तासात मेडल लखलखतं. त्या अर्ध्या तासात मेडलावरून जे निघून जातं, ते पुन्हा कधी मिळत नाही.

काय जातं, ते पाहायचं असेल तर पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल हातात घ्या. एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. इथवर सगळी मेडलं सारखीच. आता ते आडवं धरा आणि कडेवरून भिंग फिरवा. तिथे इंग्रजीत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसेल. पलटणीचा आकडा १०३, ११० किंवा ११७ असला, तर ती मराठा पलटण इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. पुढे १९२२ च्या फेररचनेत हे जुने आकडेच गेले आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. म्हणजे मेडलाच्या कडेवरचे ते तीन अंक पणजोबांचा काळ आणि मुलूख दोन्ही सांगतात. कितीतरी कुटुंबांकडे याशिवाय दुसरा कागदपत्री पुरावा उरलेला नाही.

१९१४-१५ च्या ब्राँझच्या स्टारवर नाव कडेला नसून पाठीवर असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना त्यांचे स्टार कोरे मिळाले. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. आपल्याकडच्या बर्मा स्टारचं किंवा आफ्रिका स्टारचं मोल त्या नावामुळे वाढतं. ही अक्षरं उथळ असतात. वर्षानुवर्षं पॉलिश होत राहिलं की आधी त्यांच्या कडा बोथट होतात, मग नाव पुसट होतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. लोकर, रबर, अंडी, काही रंग आणि गोंद यांतूनही ती बाहेर पडतात. मेडलावरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, आणि त्यात मेडलाचीच चांदी अडकलेली असते. म्हणून तो थर खरवडला की चांदीही जाते. पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते; ती थर काढून थांबत नाही, खालची चांदीही झिजवते. आधी उंच भाग सपाट होतात: राजाचा गाल, घोड्याचा खांदा, अक्षरांचे माथे.

ब्राँझचं गणित निराळं आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मुद्दाम गडद तपकिरी रंगवून दिला जातो. तो रंग म्हणजे मळ नव्हे, घडणीचाच भाग. १९४४ साली इटलीत टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि १९४५ साली सेनियो नदीवर पराक्रम गाजवणारे नामदेव जाधव, दोघांनाही याच ब्राँझचा क्रॉस मिळाला. आपलं परमवीर चक्रही ब्राँझचंच आहे. मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या सावित्री खानोलकर यांनी त्याचं रेखाटन केलं आणि त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती घेतल्या. असं पदक आरशासारखं चकाकलं, तर ते बिघडलंय असं समजावं. अशोक चक्रासारख्या सोन्याचा मुलामा असलेल्या पदकांबाबत तर जास्तच जपावं लागतं. मुलामा अतिशय पातळ असतो, घासला की गेलाच.

चिंच आणि लिंबू यांत आम्ल असतं. हंड्याला ते चालतं, कारण हंडा दर आठवड्याला घासला जातो आणि त्यावर कुणाचं नाव नसतं. मेडलाच्या खाचेत राहिलेलं आम्ल पुढेही धातू खात राहतं. ब्राँझवर आम्ल लावलं तर तपकिरी थर उतरून गुलाबी-तांबूस डाग उरतात. टूथपेस्ट दातांसाठी केलेली घासणारी लुगदी आहे. ब्रासोत घासणारी पूड असते, आणि अक्षरांच्या खाचांत साचून ती पांढरी पडते. बॅरेकमध्ये पट्ट्याचं बक्कल ब्रासोने उजळवणं ही शिस्त आहे आणि सैनिकाला ती शोभते. पण १९१८ चं मेडल आता परेडला जाणार नाही.

अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांचा उपाय सध्या फार सांगितला जातो. त्यामागचं रसायन खरं आहे: गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं. साध्या चमच्यावर करून पाहायला हरकत नाही. पण मेडलाला दांडी असते, तिला जोड असतात, वर रिबन असते, ऑर्डर ऑफ मेरिटसारख्या पदकावर निळा एनॅमल असतो. पाणी जोडात शिरतं आणि तिथेच राहतं. शिवाय खोलगट भागातल्या ज्या काळोखीमुळे नक्षी उठून दिसते, तीही निघून जाते आणि मेडल सपाट, निस्तेज दिसू लागतं. चांदी बुडवायच्या तयार द्रावणांनाही हेच लागू आहे.

मग घरी करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक मेडलांना फक्त धूळ झाडणं पुरे. आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या. उन्हात नको, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे अक्षरं उठतात. बोटांवरचा घाम आणि मीठ धातूवर ठसे उमटवतं, म्हणून हातात नायट्राइलचे मोजे घाला आणि मेडल कडेने धरा. मऊ ब्रशने धूळ झाडा. एवढं करून थांबलात तरी काम झालं.

चिकट मळ असेल आणि मेडलावर एनॅमल किंवा वार्निशचा थर नसेल, तरच पुढे जा. रिबन सहज सुटत असेल तर बाजूला ठेवा, शिवलेली असेल तर कात्री लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये वास-रंग नसलेल्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब घाला. काडीला गुंडाळलेला कापूस त्यात ओला करून पिळा आणि घासण्याऐवजी हलकेच फिरवा. कापूस मळला की लगेच बदला, कारण मळलेल्या कापसातले कण ओरखडे पाडतात. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने तसाच हात फिरवा आणि लगेच कोरडं करा. जुन्या ब्रासोची पांढरी पूड खाचेत असेल तर मऊ लाकडी काडीने अलगद सुटेल तेवढीच काढा. सुई किंवा पिन अजिबात नको.

दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल चांदीची नाहीत, तांबं-निकेलच्या मिश्रधातूची आहेत. त्यांना चांदीचं पॉलिश लावणं व्यर्थ आहे. ओल्या कापसाने ती पुरेशी स्वच्छ होतात.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ब्राँझवर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली तर ती साधी जंग नसते. धातूत क्लोराइड शिरलेलं असतं, आणि ओलाव्यात ते आम्ल तयार करत आत खात जातं. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हा धोका जास्त. असं मेडल इतरांपासून वेगळं, कोरडं ठेवा आणि स्वतः काही लावू नका.

रिबनला पाणी लावू नये, रंग उतरतो. रंगांनाही अर्थ असतो. बर्मा स्टारच्या नारिंगी पट्ट्या सूर्यासाठी आहेत. फाटलेली रिबन टाकून नवी लावायची असेल, तरी जुनी पाकिटात जपून ठेवा.

साठवण नीट असेल तर साफसफाईची वेळच क्वचित येते. मेडल पीव्हीसीच्या पाकिटात, रबरबँडमध्ये, वर्तमानपत्रात किंवा लोकरीच्या कापडात ठेवू नका. आम्लरहित कागद, पॉलिएस्टरची पाकिटं, घट्ट झाकणाची डबी आणि सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहावी. फ्रेम करायची असेल तर गोंद लावून चिकटवू नका आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आवड म्हणून मिरवायचं असेल तर प्रतिकृती लावा, मूळ मेडल डबीत राहू द्या.

तरीही मेडल फारच काळं असेल, जोड हलत असेल, एनॅमल तडकलेला असेल, तर जाणकाराकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. कडेवरची अक्षरं वहीत उतरवून घ्या, मेडल कोरड्या डबीत ठेवा आणि सल्ला मिळेपर्यंत त्याला हात लावू नका.