अफवा, भीती आणि घाई : मोबाइलधारकाने काय ओळखावे?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे एक लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडे बाजार भरला होता. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तेथे आले. ते मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागाचे. मुले पळविणारी टोळी परिसरात शिरली आहे, असे संदेश आणि चित्रफिती त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. अनोळखी पेहरावाच्या या पाच जणांविषयी संशय घेण्यात आला, जमाव जमला, मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन तेथेही मारण्यात आले आणि त्यात पाचही जणांचा अंत झाला. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एकीचे मूळ पुढे उजेडात आले. ती चित्रफीत कराचीतील होती आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्याच्या हेतूने ती मुद्दाम तयार करण्यात आली होती. मोटारसायकलवरून आलेला माणूस खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतो, क्षणात परत आणून सोडतो आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितो, असा तिचा आशय. कोणीतरी शेवटचा भाग कापला. उरलेल्या तुकड्याला आपल्याकडील गावांची नावे चिकटली. जनजागृतीसाठी केलेले चित्रण अशा रीतीने निरपराधांच्या जिवावर उठले.

या दुर्घटनांनंतर व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली व भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेक वेळा पुढे सरकलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. दोन बाणांची खूण असलेला संदेश म्हणजे अनेक हातांतून आलेला संदेश होय, एवढे तरी प्रत्येकाने ओळखावयास हवे. तथापि यंत्राने घातलेल्या मर्यादेपेक्षा माणसाची सवय अधिक बलवत्तर असते. गावचा गुरुजी, भावकीतील काका किंवा सोसायटीचा सचिव यांच्याकडून आलेला मजकूर वाचक सहसा तपासत नाही. विश्वास असतो तो पाठविणाऱ्यावर, मजकुरावर नव्हे. आणि पाठविणाऱ्यानेही तो असाच कोणाच्या तरी भरवशावर पुढे ढकललेला असतो.

अशा मजकुराच्या काही खुणा मात्र ठरलेल्या असतात. त्यात घटनेची तारीख नसते. गावाचे नाव असते, पण पोलीस ठाण्याचे नसते. ‘प्रसारमाध्यमे हे दाखविणार नाहीत’ असे आवर्जून लिहिलेले असते आणि शेवटी ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ अशी आज्ञा असते. असा संदेश आल्यास स्थानिक पोलीस ठाण्यात विचारणा करणे हा साधा मार्ग आहे. जो मजकूर खरा असल्याची खात्री नाही तो पुढे न पाठविण्यास कोणतेच शास्त्र शिकावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ अन्वये सार्वजनिक शांतता भंग होईल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरविणे हा गुन्हा आहे, आणि समाजमाध्यमांतून केलेला प्रसारही त्याच्या कक्षेत येतो.

ठकाचे हत्यार

अफवा ज्या दोन गोष्टींच्या बळावर पसरते, त्याच दोन गोष्टींवर आजची आर्थिक फसवणूक उभी आहे. त्या म्हणजे भीती आणि घाई. संगणकशास्त्रातील काही गूढ विद्या वापरून बँकेची तिजोरी फोडणारे चोर नसतात असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबविण्यात आली, आणि त्यातील मोठा भाग परदेशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला. परंतु सामान्य खातेदाराचे पैसे जातात ते बहुधा अशा रीतीने नव्हे. त्याच्याच हातून कुलूप उघडवून घेतले जाते.

२०२२ मध्ये राज्यातील असंख्य वीजग्राहकांना आलेला संदेश आठवून पाहावा. मागील महिन्याचे बिल भरलेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधावा, असा तो मजकूर होता. रात्रीची वेळ निवडण्यात मोठे चातुर्य होते. कार्यालय बंद झालेले असते, विचारणा करावी तर कोणाकडे असा प्रश्न पडतो, घरात आजारी माणूस किंवा परीक्षेला बसणारे मूल असले की जीव कासावीस होतो. ग्राहक दूरध्वनी करी, पलीकडचा माणूस अत्यंत सौजन्याने एक ॲप घ्यावयास सांगे, आणि त्या ॲपमुळे ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा त्या माणसाला दिसू लागे. दहा रुपयांचा ‘नाममात्र भरणा’ करताना टाइप केलेली प्रत्येक गोपनीय बाब त्याच्या दृष्टीस पडे. महावितरणचे अधिकृत संदेश कोणाच्या व्यक्तिगत मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, हे कंपनीने त्या वेळी वारंवार जाहीर केले होते.

आता याच प्रकाराने नवे रूप घेतले आहे. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा पीएम-किसान योजनेची यादी म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. छायाचित्राच्या किंवा कागदपत्राच्या फाइलला हा शेपटा कधीच नसतो. ही तीन अक्षरे ॲपची आहेत. ती फाइल उघडून परवानगी दिली की ते ॲप मोबाइलमध्ये बसते, येणारे संदेश वाचू लागते, आणि बँकेकडून आलेला ओटीपी मालकाच्या आधी चोराला कळतो. निमंत्रण मामाच्या क्रमांकावरून आले असले तरी भरवसा धरू नये, कारण मामाचाच मोबाइल आधी बळी पडलेला असू शकतो.

ओटीपी आणि यूपीआय पिन यांतील भेद अद्याप पुष्कळांना ठाऊक नाही. ओटीपी हा एका व्यवहारापुरता, थोडा वेळ चालणारा संकेतांक होय. तो सांगणे म्हणजे त्या व्यवहारावर सही करून देणे. पिन हा कायमचा असतो आणि तो फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, किंवा समोरच्याने पाठविलेली चौकोनी क्यूआर खूणही आपण टिपावी लागत नाही. ‘पैसे पाठविले आहेत, मिळण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाला की व्यवहाराची दिशा उलटी आहे असे समजावे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी नोंदविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती याच कारणाने.

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की सर्व ठीक आहे, हाही एक रूढ गैरसमज आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की आपण व ते संकेतस्थळ यांच्यामधील वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला साव बसला आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. बँकांची खरी संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट केवळ बँकांसाठी राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तो स्वीकारावा असे ठरवून दिले. पत्ता वाचताना नजर शेवटाकडे असावी.

पडद्यावरील पोलीस

वृद्ध आणि सुशिक्षित मंडळी ज्यात अधिक सापडतात तो प्रकार म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत किंवा आपले आधार काळ्या पैशाच्या व्यवहारात वापरले गेले आहे, असे सांगून प्रथम दूरध्वनी येतो. मग चित्रफोनवर गणवेशातील अधिकारी, मागे पोलीस ठाण्याची भिंत, राजमुद्रा असलेले कागद असा सारा देखावा उभा केला जातो. कॅमेऱ्यासमोरून हलू नये, कोणाशी बोलू नये, असा हुकूम सुटतो. आयुष्यभर कायदा पाळलेल्या माणसाला बेअब्रूचे भय अधिक वाटते, आणि या भयाचीच किंमत वसूल केली जाते. ‘चौकशीपुरती’ म्हणून ठेवी मोडून दुसऱ्या खात्यात वळविण्यास लावले जाते.

भारतीय कायद्यात चित्रफोनवरून अटक करण्याची तरतूद नाही. कोणतीही तपास यंत्रणा पैसे ‘तपासणीसाठी’ मागवीत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याविषयी जनतेला सावध केले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. ‘कोणाशी बोलू नका’ हे वाक्य कानी पडताच दूरध्वनी बंद करून घरातील माणसाला हाक मारणे, एवढ्याने हा सापळा तुटतो. तरुण मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या एकट्या आईवडिलांना ही गोष्ट कोणीतरी आधीच सांगून ठेवावयास हवी, कारण त्या क्षणी विचार करण्याची सवड त्यांना दिली जात नाही.

ठकाला इतकी माहिती मिळते कोठून, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पुष्कळदा ती आपणच दिलेली असते. निवृत्तीच्या समारंभाची छायाचित्रे, नव्या घराचा पत्ता, नातवंडांच्या शाळेचा गणवेश, सहकुटुंब प्रवासाला निघाल्याची वार्ता, हे सारे समाजमाध्यमांवर कोणासही वाचता येईल असे पसरलेले असते. त्या छायाचित्रांवरून त्याच नावाचे दुसरे खाते उघडून मित्रांकडे तातडीने पैसे मागितले जातात. आधारची छायाप्रत कोठेही, कोणाकडेही देण्याची सवयही बरी नव्हे, आणि ती विनाकारण मागणाऱ्या संस्थांनीही याचा विचार करणे अगत्याचे आहे. व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा सहा अंकी पिन ठरवून ठेवल्यास खाते सहजी हिरावले जात नाही.

खाते भाड्याने देणाऱ्याचे काय?

चोरलेली रक्कम थेट चोराच्या खात्यात जात नाही. ती काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून पाच-दहा खात्यांत विखुरली जाते. ही खाती बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची, मजुरांची, लहान दुकानदारांची असतात. थोड्याशा मोबदल्यात त्यांनी पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. आपण काहीच केले नाही, असे त्यांना वाटते. पण पोलीस प्रथम पोहोचतात ते खातेदाराच्या दारी, खाते गोठविले जाते, आणि आपण अनभिज्ञ होतो हे सिद्ध करता करता शिक्षणाची किंवा नोकरीची वर्षे निघून जातात. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर पाहता येते. अनोळखी जोडणी आढळल्यास तेथेच कळवावे.

फसवणूक झालीच, तर तक्रारीस लाज हा अडथळा होऊ देऊ नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदविताच ती संबंधित बँकांकडे जाते. रक्कम अद्याप वाटेतील एखाद्या खात्यात असेल तर ती तेथे रोखून धरता येते. एकदा ती रोखीने काढली गेली की हे दार बंद होते. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवून तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या दंडकानुसार, खातेदाराचा किंवा बँकेचा दोष नसताना यंत्रणेतील अन्य दोषामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळविला, तर खातेदारावर तोशीस पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेकडे जाते.

तक्रारीसाठी व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, ज्या क्रमांकावरून दूरध्वनी आला तो क्रमांक आणि संदेशांची छायाचित्रे लागतात. संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकण्याची चूक बरेच जण करतात. ते जसेच्या तसे ठेवून मोबाइलसह नजीकच्या पोलीस ठाण्यात जावे.