हमी आणि पोचपावती

समुद्रपूर तालुक्यात कापसाची वेचणी आटोपली की कोरडवाहू शिवारातील मजुरांचे हात रिकामे होतात. जामच्या चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्गाची वाहतूक अहोरात्र चालते. तथापि त्या वाहतुकीत दिसणारी आर्थिक वाढ या हातांना काम देतेच, असे नाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हा प्रश्न ओळखला होता. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात झालेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आकारास आली. १९७७ साली कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम हे दान न राहता हक्क ठरले. या हक्कासाठीच १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. २००५ साली केंद्राने हेच तत्त्व देशभर नेले.

मात्र हक्काची खरी कसोटी कचेरीच्या खिडकीपाशी लागते. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता, असे कायदा म्हणतो. परंतु अर्जाची तारीखवार पोचच दिली नाही, तर ते पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? पोच टाळली की मागणी नोंदली जात नाही. आणि नोंद नाही म्हणून गरजही नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढता येतो.

बांधबंदिस्ती, शेततळी यांसारख्या कामांनी पाणी मुरले, तर पुढे शेतातच मजुरी वाढते. म्हणून शिक्षक-कारकुनांनी आपल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या कराचा हिशेब मागताना, गावात किती पोचपावत्या दिल्या गेल्या, हेही विचारले पाहिजे.