हात बधिर, माणूस जागा

जबलपूरच्या अधारताल भागात १९६४ साली जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. भोवतालचा मुलूख गव्हाचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मळणी सुरू होते, आणि पेंढी आत सारणारा हात कधीकधी यंत्रात सापडतो. अशा अपघातांना आळा बसावा म्हणून १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला.

जखमी शेतकरी पुष्कळदा नुकताच जेवलेला असतो. त्याला संपूर्ण भूल दिली, तर पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते. अशा वेळी हात तेवढा बधिर करता आला, तर हे संकट बरेचसे टळते.

शरीराची रचना याला अनुकूल आहे. मानेतून निघणारे खालचे चार व छातीचा पहिला अशा पाच मज्जातंतूंची मुळे एकमेकांत गुंफली जातात आणि गळ्याच्या आडव्या हाडामागून काखेत शिरून हातभर पांगतात. पाटाचे पाणी मुखाशीच अडवले की सारे वाफे कोरडे राहतात, तद्वतच या जुडग्याभोवती बधिरक औषध सोडले असता वेदनेची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. काखेलगतच्या थोड्या त्वचेचे तंतू मात्र निराळे असल्याने तेथे वेगळी सुई द्यावी लागते.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी १८८४-८५ च्या सुमारास मान उघडून या तंतूंवर कोकेन लावले. त्या प्रयोगांपायी त्यांना स्वतःलाच कोकेनचे व्यसन जडले. १९११ मध्ये जर्मनीत हिर्शेल यांनी काखेतून, तर कूलेनकाम्फ यांनी गळ्याच्या हाडावरून, त्वचेतूनच सुई घातली. कूलेनकाम्फ यांनी तिचा अनुभव प्रथम स्वतःच्या देहावर घेतला, हे विशेष.

अडचण एकच, पण मोठी. त्या जागी फुप्फुसाचे टोक आणि हाताकडे जाणारी रोहिणी अगदी लगत असतात. सुई भलतीकडे गेल्यास छातीत हवा शिरते. औषध रक्तात मिसळल्यास झटके येतात, हृदयही बंद पडू शकते. पूर्वी नाडीचा ठोका आणि रुग्णाच्या बोटांत येणाऱ्या मुंग्या एवढ्याच खुणांवर वैद्याची भिस्त असे. व्हिएन्नाच्या वैद्यांनी १९९४ मध्ये श्रवणातीत ध्वनीच्या चित्रात पाहून याच ठिकाणी सुई नेण्याची रीत प्रसिद्ध केली. आता तंतू, रोहिणी व सुईचे टोक पडद्यावर एकत्र दिसतात, आणि औषधही थोडे पुरते.

शस्त्रक्रियेनंतर काही तास हात लाकडासारखा लोंबत राहतो. चटका बसला तरी कळत नाही. म्हणून संवेदना परतेपर्यंत तो झोळीत बांधून ठेवतात.