पोपटीच्या मडक्यातली प्रथिने
भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरकडे शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, वर पुन्हा पाला. मडके उपडे घालून भोवती जाळ. पाणी घालत नाहीत. शेंगांच्या नि पाल्याच्या वाफेवरच सारे शिजते.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सर्वांत जास्त असते ओव्हाल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची सलग साखळी. तिच्यातली पाणी टाळणारी आम्ले आत दडतात, पाण्याशी जुळणारी बाहेर राहतात आणि साखळीला नेमका आकार येतो. हा आकार कोण ठरवते? क्रिस्टियन अन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ आम्लांचे प्रथिन युरियाने उलगडले, त्यातले गंधकाचे बंधही तोडले. ती रसायने काढून टाकल्यावर ते आपोआप मूळ आकारात आले आणि पुन्हा काम करू लागले. म्हणजे आकार आम्लांच्या क्रमातच ठरलेला असतो. त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. त्या क्रमावरून आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीच्या कर्त्यांनाही २०२४ मध्ये नोबेल मिळाले.

मग शिजलेले अंडे पुन्हा पातळ का होत नाही? ८० अंशांच्या आसपास ओव्हाल्ब्युमिन उलगडते, आत दडलेले भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळ्यांना चिकटतात. एवढ्या दाटीत परतीची वाटच राहत नाही.

वालाचा दाणा मात्र चिवट. त्यात बोमन-बर्क जातीचे एक छोटे प्रथिन असते, साधारण ७० आम्लांचे. एवढ्याशा साखळीला गंधकाचे सात बंध! किडीच्या पोटातली पाचकद्रव्ये अडवायची, हे त्याचे काम. आपल्या पोटातले ट्रिप्सिनही ते अडवते. थोडक्या तापाने ते बंध सहजी सुटत नाहीत, कोरड्या उष्णतेत तर नाहीतच. दाणा पिकत जातो तसे हे प्रथिन साठत जाते, म्हणूनही कोवळ्या शेंगेपेक्षा सुक्या वालाला जास्त कष्ट. रात्रभर भिजवणे, मोड आणणे, सोलणे, मग बिरडे मऊ होईपर्यंत शिजवणे, यातली एकही पायरी मला फुकटची वाटत नाही. मोड येताना दाणा स्वतःच हे प्रथिन तोडू लागतो. त्यातले गंधक नि नायट्रोजन अंकुराला हवे असतात. उरलेले बरेचसे चुलीवर पाण्यात शिजताना निपटते.