न वितळता विरघळणारं लोखंड

ॲल्युमिनियमच्या ओतकामाची भट्टी, लातूरची असो की नांदेडची, तिथे गेलात तर आधी पळीकडे बघा. पळी साधी लोखंडीच, पण तिला आतून-बाहेरून लेप दिलेला असतो, पांढरा नाहीतर ग्रॅफाइटचा काळा. लेपाचा पोपडा जिथे निघाला तिथली कड दिवसेंदिवस पातळ होत जाते. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते आणि एक दिवस तिथून रस गळायला लागतो.

कोडं असं की ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडाला वितळायला १५३८ अंश लागतात. मग ७०० अंशांच्या रसात लोखंडाची पळी झिजते कशी? चहातली साखर आठवा. ती नुसती तापवून वितळवायची तर दीडशेच्या वर अंश लागतात, पण शंभराच्या आतल्या चहात ती गुपचूप नाहीशी होते. पळीही तशीच विरघळते. ७०० अंशांच्या १०० किलो रसात दोन-अडीच किलो लोखंड सहज मावतं!

बरं, लोखंड नुसतं विरघळून थांबत नाही. दोन्ही धातू जिथे भिडतात तिथे तिसराच पदार्थ जन्माला येतो: दोन अणू लोखंडाचे, पाच ॲल्युमिनियमचे. पोलादाच्या कित्येक पट कठीण, पण काचेसारखा ठिसूळ. सूक्ष्मदर्शकाखाली तो सरळ पट्टा दिसत नाही, करवतीच्या दात्यांसारखा लोखंडात घुसलेला दिसतो. त्याच्या स्फटिकात एकाच दिशेनं अणूंच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात. त्या मोकळ्या गल्लीतून अणू झपाझप पुढे सरकतात आणि दाते लांबत जातात. पोलादाला ॲल्युमिनियम थेट वितळवून जोडलं की सांधा तडकतो, तो याच थरामुळे.

यावर कारागिरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. पोलादी साच्यात दाबानं ॲल्युमिनियम भरताना ते साच्यालाच चिकटतं. म्हणून रसात आधीच एक टक्क्याच्या आसपास लोखंड राहू देतात. पोट भरलेलं असलं की रस साचा कमी खातो! सिलिकॉनही कामाला येतं. ते रसात मिसळलं की दात्यांची वाढ मंदावते आणि थर पातळ राहतो. गाड्यांच्या सायलेन्सरसाठी ॲल्युमिनियम चढवलेला पत्रा वापरतात, त्या मुलाम्यात म्हणूनच सिलिकॉन घालतात.

आता रुळाकडे या. इथे ॲल्युमिनियमची गाठ लोखंडाच्या ऑक्साइडशी, म्हणजे गंजाच्या सख्ख्या भावाशी पडते. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ इतकी, की ते तो लोखंडाकडून हिसकावून घेतं. त्या झटापटीत तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं, तेही बाहेरून वीज न घेता. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं आणि १८९९ मध्ये एसेन शहरात तिनं रूळ जोडले गेले.

आजही जागेवर रूळ जोडायचा तर दोन टोकांत २५ मिलिमीटर फट ठेवतात, टोकं लालभडक तापवतात आणि वर मूस बसवून तिच्यात ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचं मिश्रण पेटवतात. काही सेकंदांत पोलादाचा रस फटीत उतरतो. गुऱ्हाळात कढईवर मळी तरंगते तशी इथेही तरंगते. ती थंड झाली की हातोड्यानं फोडून बाजूला टाकतात.

ही काळपट मळी मुख्यतः ॲल्युमिनियमचं ऑक्साइड असते. माणिक आणि नीलम ही रत्नंही त्याचीच बनलेली आहेत.