कुंड्यांना दिवाळीचा साज

हिंदमाता परिसरातल्या चाळीत बाग म्हणजे गॅलरीच्या कठड्याशी मांडलेल्या चार कुंड्या. दिवाळीत त्यांनाही नवे रूप द्यावे, असे कोणत्या गृहिणीला वाटत नाही? परंतु तेलरंगाचा डबा तूर्त फळीवरच राहू द्या! मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. तेलरंगाने तिची छिद्रे बुजतात, ओल आत कोंडते, मुळे कुजू लागतात. शिवाय रंगाचे पोपडे निघतात ते निराळेच. हिंदमाताला तुंबलेले पाणी मुंबईने पुष्कळ पाहिले; कुंडीत ते नको.

त्यापेक्षा धारावीच्या कुंभारवाड्यातली साधी कुंडी घ्यावी, बाहेरून गेरूचा हात द्यावा आणि वाळल्यावर तांदळाच्या पिठात डिंकाचे पाणी कालवून वारली नक्षी काढावी. याच पांढऱ्या रेघांच्या कलेसाठी जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पुढल्या पावसात गेरू धुपेल खरा. पण तुळशीच्या लग्नाला आपण वृंदावन दरसाल रंगवतोच की!