पांढऱ्या डागांची ‘गॅरंटी’ चरकांनी दिली नव्हती

दर २५ जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन, म्हणजे कोडाचा दिवस, येतो. कोड संसर्गजन्य नाही, तो महारोग नाही, हे पुन्हा एकदा सांगून होतं. पण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडच्या एखाद्या माणसाच्या हातावर पांढरा डाग उठतो, तेव्हा त्याचा प्रश्न वेगळाच असतो. दाखवायचं कुणाला?

त्वचारोगतज्ज्ञ ‘नॅरोबँड यूव्हीबी’ सुचवतात. हा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याला जायचं तर एकेका फेरीत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जायचं आणि तेवढंच परतायचं. रांजणगाव एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला इतके खाडे परवडत नाहीत. मग तो गावातल्या वैद्यांची पायरी चढतो. याला अडाणीपणा म्हणणं मला मुळीच पटत नाही.

आयुर्वेदाकडे या दुखण्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सातव्या अध्यायात श्वित्राचे, म्हणजे कोडाचे, उपचार येतात. आधी स्नेहन, मग काळ्या उंबराचा रस गूळ घालून प्यायचा आणि झेपेल तेवढं उन्हात बसायचं. रेच झाले की तीन दिवस पेजेवर राहायचं. डागावर फोड आले तर ते काट्याने फोडायचे. म्हणजे औषध आणि ऊन यांची जोडी तेव्हाच जमवलेली होती. बावचीच्या काळ्या, उग्र वासाच्या बियांचंही तसंच. त्यांतलं सोरालेन अतिनील किरण पडले की त्वचेत काम करू लागतं. १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका रानवनस्पतीतलं याच जातीचं द्रव्य कोडावर वापरलं. पुढचा ‘पुवा’ उपचार, म्हणजे सोरालेन आणि अतिनील किरणांची जोडी, त्याच वाटेवरचा.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो साध्यासाध्य विचार, म्हणजे कोणता डाग बरा होईल आणि कोणता नाही याचा. डागावरचे केस लाल झाले, डाग एकमेकांत मिसळले किंवा पुष्कळ वर्षांचे झाले, की चरक हात टेकतात. त्यांच्यानंतरचे आचार्य वाग्भट त्याहून कडक. डागावरचे केस पांढरे झाले की तो त्यांच्या लेखी असाध्य. ओठ, तळहात आणि गुह्यभाग यांवरचा डाग नवा असला तरी तो उपचाराला घेऊ नये, असं ते बजावतात. आज याचं कारण कळतं. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते. त्वचेतल्या रंगपेशी गेल्या तरी काही केसांच्या मुळाशी शिल्लक राहतात आणि रंग परततो तो बहुधा तिथूनच. भिंगातून पाहिलं तर पांढऱ्या डागात एकेका केसाभोवती तपकिरी ठिपका उमटलेला दिसतो. तळहाताला आणि ओठाला केसच नाहीत, आणि पांढरा पडलेला केस म्हणजे तिथली शिल्लकही संपली. सूक्ष्मदर्शक नसताना केवळ रोगी पाहून पाहून हे टिपणाऱ्या वैद्यांपुढे मी नतमस्तक होतो.

म्हणूनच ‘शंभर टक्के गॅरंटी’ची जाहिरात पाहिली की संताप येतो. ती शास्त्राच्या विरोधात आहे आणि कायद्याच्याही. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत पांढऱ्या डागांचं नाव आहे.

घरगुती प्रयोगांचीही भीती वाटते. बावचीचं तेल चोळून मे महिन्यात कांदा काढायला शेतात बसलं तर कातडी भाजून निघते आणि त्या जखमेवर नवा डाग उठू शकतो. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जाणते वैद्य शोधन केल्याशिवाय ती देत नाहीत, ऊन मिनिटांत मोजून सांगतात आणि रक्ततपासणीही करून घेतात. एवढं करणारा वैद्य मिळाला तर जरूर जावं.

त्याआधी आरशात पाहावं. डाग कपाळाच्या मधोमध, टिकलीएवढाच आहे का? किंवा पावलांवर रबरी चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा? टिकलीच्या गोंदातलं आणि रबरातलं रसायन रंगपेशी मारतं. ती टिकली किंवा चप्पल सुटल्याशिवाय कुठलाही काढा उपयोगाचा नाही.

संहितांतली एक गोष्ट मात्र मी बाजूला ठेवतो. श्वित्राच्या कारणांत पापकर्मही सांगितलंय. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पाहुणे ते शब्द उच्चारत नाहीत, पण मनात तेच असतं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ पूर्वग्रहाच्या याच भिंतीला धडका देते आहे. २००६ सालचा ‘नितळ’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा चित्रपटही त्याच विषयावरचा. तो गावोगावच्या शाळांत दाखवावा.

आणि यूव्हीबीची पेटी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हवी, शेजारी आयुष विभागाचा वैद्य हवा. दोघांनी एकाच केसपेपरवर लिहावं. डाग कुठे आहे, केस काळे आहेत की पांढरे, सहा महिन्यांत किती फरक पडेल आणि कुठे पडणार नाही, हे रोग्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं.